काळ्या रंगाची तहकीकात

१९१४ ते १९२५ या कालखंडात फोर्ड कंपनीने आपली मॉडेल टी मोटार केवळ काळ्या रंगातच विकली, तेव्हा तिच्या जीर्णोद्धाराचे व्रत घेतलेल्या अमेरिकन गृहस्थास निदान रंगनिवडीची विवंचना नसावी, असे आपणांसारख्या अज्ञ जनांस वाटते. परंतु काळा म्हणजे नेमका कोणता काळा, याची शहानिशा करण्यासाठी आसनाखालचे पत्रे खरवडीत, जुनी दप्तरे धुंडाळीत आणि समव्यसनी मित्रांशी कायमचा अबोला धरीत हा सत्यशोधक जितकी वर्षे खर्ची घालतो, तितक्या अवधीत मूळ कारखान्यातून लाखो मोटारी रंगून बाहेर पडल्या होत्या. (त्यापूर्वीच्या मॉडेल टी तांबड्या, हिरव्या, करड्याही असत, पण त्यांच्या धन्यांच्या यातनांविषयी न बोललेलेच बरे.)

गंमत पुढेच आहे. जवसाचे तेल व अस्फाल्टम यांपासून केलेल्या त्या रोगणात मडगार्डे चक्क बुचकळून भट्टीत भाजीत, आणि कडेला एखादा ओघळ राहिला तर त्याची दाद-फिर्याद कोणी ऐकत नसे. आमचा सत्यशोधक मात्र छटेचा दाखला पुराव्यानिशी मिळाल्यावर ओघळाचे नावही न काढता आधुनिक रंगाचे थर चढवून, घासूनपुसून, मोटारीचा आरसा करतो आणि त्यास ‘अस्सल’ म्हणतो. अशी मोटार पाहण्याचा योग आलाच, तर वाचकांनी मान डोलवावी; ‘काळाच ना?’ असे मात्र कृपा करून विचारू नये.