भोकाची एनओसी

एसी विकत घ्यायला कुणाची परवानगी लागत नाही. सप्टेंबर 2025 मध्ये जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आला, दुकानदार हप्ते बांधून द्यायला टपलेलाच आहे. अडतं ते घरी आल्यावर.

अमेरिकेत बहुतेक शहरांत घरात एसीची कायमची यंत्रणा बसवायची तर आधी नगरपालिकेचा परवाना, मग तपासनिसाची फेरी. जिनिव्हात तर एसीची मुळात गरजच काय, हे सरकारला पटवून द्यावं लागतं. आपल्याकडे गरज पटवायची ती फक्त लाइटबिल भरणाऱ्याला.

आणि सोसायटीला.

सोसायटीचे नियम कडक. युनिट दर्शनी भागात नको. पाण्याची नळी खालच्यांच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर गळायला नको. मेंटेनन्सची थकबाकी नको. लेखी अर्ज द्या, कमिटीच्या बैठकीत ठेवू. अर्ज देता देता सेक्रेटरींना सहज विचारा, आपल्या इमारतीचा भोगवटा दाखला कुठाय हो?

सेक्रेटरींना अचानक फोन येतो.

म्हणजे ज्या भिंतीलाच परवानगी नाही, तिला भोक पाडायला एनओसी. वसई-विरारमध्ये हे कुणाला नवं आहे? नालासोपाऱ्याच्या अग्रवाल नगरीत सांडपाणी प्रकल्प आणि कचराभूमीसाठी राखीव जागेवर 41 इमारती उभ्या राहिल्या, भरल्या, आणि न्यायालयाच्या आदेशाने 2025 च्या सुरुवातीपर्यंत जमीनदोस्तही झाल्या. तोवर तिथले पंखे काय खाडीच्या वाऱ्यावर फिरत होते? वीज घरोघर पोचली. परवानगी तेवढी वाटेत हरवली.

खरं तर एसीआधी विचारायचं ते महावितरणला. गिझर दोन किलोवॅटचा, दीड टनी एसी दीड किलोवॅटच्या आसपास. मंजूर भार मात्र तेव्हाचा, जेव्हा घरात दोन ट्यूबलाइट आणि एक मिक्सर होता. भार वाढवून घ्यायला अर्ज आहे, परवानाधारक कंत्राटदाराचा चाचणी अहवाल आहे. मंजुरीपेक्षा जास्त भार ओढला तर 2003 च्या वीज कायद्यातलं कलम 126 आहे.

आणि ओळखीचा वायरमन आहे.

तो म्हणतो, "मोठा एमसीबी टाकतो, काही होत नाय." एमसीबी मोठा होतो, भिंतीतली वायर जुनीच राहते. तिला कुणी विचारलंय? मग मे महिन्यात रात्री अकराला डीपी उडते, अख्खी आळी रस्त्यावर येते आणि महावितरणचा उद्धार सुरू होतो. सगळ्यात चढा आवाज तीन एसीवाल्याचा.

बाहेरच्या युनिटचं तर विचारूच नका. ऑगस्ट 2024 मध्ये दिल्लीच्या करोल बागेत वरून एसीचं युनिट कोसळलं आणि खाली स्कूटरवर बसलेला तरुण गेला. सिंगापुरात हे काम करायला प्रशिक्षण घेतलेला माणूसच लागतो. आपला माणूस कमरेला दोरी बांधून खिडकीबाहेर उतरतो, दोरीचं दुसरं टोक भाच्याच्या हातात असतं, आणि भाच्याच्या दुसऱ्या हातात मोबाइल. वसईच्या किनाऱ्यावरच्या वटारच्या खाऱ्या हवेत युनिटचं ते लोखंडी ब्रॅकेट किती पावसाळे तग धरणार?

केंद्रीय ऊर्जामंत्र्यांनी जून 2025 मध्ये जाहीर केलं की, एसीला 20 अंशांखाली जाऊच द्यायचं नाही. वा! रिमोटवर थेट दिल्लीचं लक्ष. ब्रॅकेटवर कुणाचंच नाही.

आता एक भोचक प्रश्न. वटार-राजोडीकडच्या कौलारू घरांना इतकी वर्षं एसी का लागला नाही? मागे वाडी होती, वाडीत केळी होत्या, पानवेली होत्या, आणि बावखल, म्हणजे वाडीतलं गोड्या पाण्याचं तळं, होतं. तारांकनाची पट्टी नव्हती, पण बिलही नव्हतं. ती बावखलं बुजवताना एनओसी कुणी कुणाची घेतली? 2009 मध्ये वसई-विरार महापालिका झाली, त्यातली 29 गावं वर्षानुवर्षं 'आम्हाला वगळा' म्हणून भांडली. ग्रामपंचायत बरी की महापालिका, यावर घरोघरी वाद झाले. भराव टाकणाऱ्याला दोन्ही चालल्या.

भराव रात्रीत पडतो. वर्षभरात त्यावर इमारत, इमारतीत सोसायटी, सोसायटीत कमिटी. आणि कमिटीची पहिली नोटीस: परवानगीशिवाय कोणीही एसी बसवू नये.