नवं कनेक्शन, नवा कॉम्प्युटर : धाराशिवकरांसाठी प्राथमिक पाठ

घरात इंटरनेट घ्यायचं ठरवलंय? उत्तम. आधी सगळ्यांच्या मोबाइलचे रिचार्ज मारून ठेवा. कनेक्शन आल्यावर तेच उपयोगी पडणार आहेत.

एजंट शोधायला जाऊ नका, तोच दारात येईल. ‘शंभरचं स्पीड’ म्हणेल. तुम्ही मान डोलवा. शंभर म्हणजे मेगाबिट. आठ बिटांचा एक बाइट, म्हणून फाइल उतरवताना फार तर सेकंदाला साडेबारा मेगाबाइट दिसतील. तेही सगळं जुळून आलं तर, कारण कागदावर शंभरच्या शेजारी बारीक अक्षरात ‘पर्यंत’ छापलेलं असतं. आपली एसटीही ‘पुण्यापर्यंत’च असते, पण ती बिचारी पुण्याला पोचते. सरकारदरबारी जानेवारी २०२३ पासून २ एमबीपीएस मिळालं तरी ते ब्रॉडबँडच, तेव्हा फार आरडाओरडा करू नका. सांगितलेल्या दरावर १८ टक्के जीएसटी तुम्हीच चढवा. एजंटाचं गणित तेवढ्यापुरतं कच्चं असतं.

मग पोरं येऊन विजेच्या खांबावरून, शेजाऱ्यांच्या गच्चीवरून, लिंबाच्या फांदीवरून केबल ओढतील. राउटर कुठं लावायचा हा प्रश्न तुमचा नाही. केबल जिथं संपेल तिथं तो लागतो. जुनं माळवदाचं घर असेल तर दगडमातीच्या जाड भिंतीपुढं पाच गिगाहर्ट्झची लहर हात टेकते. पोरांनी अभ्यास ढाळजेतच करावा.

आता खरा धडा. एके दिवशी डब्यावर ‘एलओएस’चा लाल दिवा लागेल. म्हणजे काचेच्या तारेतून उजेड येणं थांबलं. फोन लावा. पलीकडून ‘बंद करून चालू करा’ येईल. करा, नाही केलं तरी ‘केलं’ म्हणा. मग लाइनमन म्हणेल, “तुमच्याच गल्लीत हाय की मामा, आलोच.” तो तेव्हा नळदुर्गात असतो. संध्याकाळपर्यंत कारणं येतील : जेसीबीनं केबल तोडली, वरूनच बंद हाय, तिकडं लाइट नाही. यातलं शेवटचं पुष्कळदा खरं असतं. तारेला वीज लागत नाही, पण दोन्ही टोकांच्या डब्यांना लागते. तेव्हा तुमच्या घरचा इन्व्हर्टर एकटा काही करू शकत नाही.

दिवा हिरवा असूनही नेट रांगत असेल तर लाइनमनला एकच प्रश्न विचारा : “पॉवर किती येतीय?” हा प्रश्न विचारणाऱ्याकडं तो जरा आदरानं बघतो. उणे २० च्या आसपास असेल तर बरं. उणे २७ च्या खाली गेलं की सांधा तरी खराब आहे किंवा केबल कुठंतरी मुडपली आहे. आणि प्रत्येक तक्रारीचा नंबर मागून घ्या. ‘मी सांगतो साहेबांना’ हा नंबर नव्हे. कंपनीनं दाद दिली नाही तर त्याच नंबरावर तिच्याच अपील अधिकाऱ्याकडं जाता येतं. ट्रायला पत्र लिहायची हौस असेल तर लिहा. एकेकट्या ग्राहकाची तक्रार ट्राय सोडवत नाही.

कॉम्प्युटरच्या दुकानात पाठ सोपा आहे. “आय-सेव्हन आहे काका, आय-सेव्हन!” ऐकून हुरळू नका, पिढी विचारा. चौथ्या पिढीचा आय-सेव्हन २०१३ चा. विंडोज ११ अधिकृतपणे इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढं चालतं, आणि विंडोज १० चा सर्वसाधारण सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. ‘विंडोज टाकून देतो, फुकट’ हे ज्या पेनड्राइव्हमधून येतं त्याची चौकशी दुकानदाराला आवडत नाही. मात्र ५०० जीबीची डिस्क ४६५ दिसली म्हणून त्याच्याशी भांडू नका. तिथं तो बिचारा निर्दोष आहे : कारखाना हजारानं मोजतो, विंडोज १०२४ नं.

“बिल पाहिजे का? मग जीएसटी पडेल.” यावर उत्तर एकच : पाहिजे. काउंटरमागं ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ अशी पाटी असेल, बहुधा देवाच्या फोटोखाली. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार बिल न देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. सदोष माल बिलावरच्या मुदतीत, आणि मुदत लिहिलेली नसेल तर ३० दिवसांत, परत घ्यायला नकार देणं हीसुद्धा. दुकानदाराला हे सांगताना आवाज चढवू नका. वॉरंटीतला पार्ट आधीच ‘पुण्याला गेलेला’ असतो, तो आणखी लांब जाईल.

तरीही काही हललं नाही तर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे, आणि धाराशिवात जिल्हा ग्राहक आयोग. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला फी नाही, वकील केलाच पाहिजे असं नाही, मुदत दोन वर्षं. मात्र थर्मल कागदावरच्या बिलाची शाई त्याआधीच उडते. आजच झेरॉक्स काढून ठेवा.