बाउन्सरच्या गोष्टी

"अगं, काल रात्री अडीचपर्यंत तुझ्या खोलीत दिवा होता. बरं आहे ना सगळं?" काकूंनी कुंपणावरून शेवग्याच्या शेंगांची जुडी पुढे केली आणि उत्तर मिळेपर्यंत हातातून काही सोडली नाही.

"सगळं ठीक आहे हो काकू. आम्ही पीजीबाउन्सर अपग्रेड करत होतो."

"पेइंग गेस्टवाल्यांनीही बाउन्सर ठेवले आता? तरीच म्हटलं, त्या कोपऱ्यावरच्या बंगल्यात..."

"तसलं नाही हो." कोपऱ्यावरच्या बंगल्याचं काय ते मलाही ऐकायचं होतं, पण ते राहिलंच. "सॉफ्टवेअर आहे ते. पोस्टग्रेस नावाचा डेटाबेस असतो, त्याच्या दारात हे उभं. जो येईल तो आधी याच्याकडे."

"का? डेटाबेसला कुलूप नसतं?"

"कुलूप असतं, गर्दी झेपत नाही. येणाऱ्या प्रत्येक कनेक्शनसाठी पोस्टग्रेस वेगळी प्रोसेस उघडतो. मूळ सेटिंगमध्ये मर्यादा 100. वाढवता येते, पण फार वाढवली की सर्व्हर धापा टाकतो. आणि आमच्याकडची हजारभर कनेक्शनं, त्यातली बरीचशी काहीच न करता नुसती बसून."

"पंगतीत हात वाळवत बसणारे," काकू म्हणाल्या. त्यांच्या माहेरचं साताऱ्याला मंगल कार्यालय होतं. जगातली कुठलीही अडचण त्या पंगतीवर आणून सोडवतात.

"अगदी तेच. हा बाउन्सर हजार जणांना दारात घेतो, पण आत पाट मांडतो वीसच. तुमचा व्यवहार चालू आहे तोवर पाट तुमचा. संपला की उठा, दुसरा बसेल. परत भूक लागली की मिळेल त्या पाटावर बसायचं."

"आणि ज्यानं वाढप्याला आधीच सांगून ठेवलंय, मला तूप नको, मिरची नको, त्याचं काय? दुसऱ्या पाटाच्या वाढप्याला कसं कळायचं?"

काकूंनी सहज विचारलं. याच प्रश्नावर डेटाबेसवाल्यांनी वर्षानुवर्षं कपाळाला हात लावलाय. असं आधीच सांगून ठेवण्याला प्रिपेअर्ड स्टेटमेंट म्हणतात. क्वेरी एकदा समजावून सांगायची, तिला नाव द्यायचं, पुढे फक्त नाव आणि किमती पाठवायच्या. पोस्टग्रेसचा वेळ वाचतो. पण ते नाव ज्या कनेक्शनवर सांगितलं तिथंच माहीत. बाउन्सरनं पाट बदलला की पोस्टग्रेस म्हणणार, असलं स्टेटमेंट अस्तित्वातच नाही. मग जावावाले ड्रायव्हरमधलं प्रिपेअरथ्रेशोल्ड शून्यावर आणून ही सोयच बंद करायचे.

"मग आता?"

"ऑक्टोबर 2023 च्या 1.21 आवृत्तीपासून बाउन्सर स्वतःच टिपण ठेवतो. कोणी काय सांगितलंय हे त्याच्याकडे लिहिलेलं. नव्या पाटाच्या वाढप्याला माहीत नसेल, तर बसायच्या आधी तोच जाऊन सांगतो. शिवाय दोघांनी एकच गोष्ट दोन नावांनी सांगितली असली, तरी तो आपलं एकच नाव लावतो."

"शहाणा आहे."

"त्यांच्या प्रयोगात वेग 15 ते 250 टक्के वाढला म्हणे."

"पंधरा ते अडीचशे? हे कुठलं माप झालं!"

काकूंचं बरोबर आहे. कामाच्या स्वरूपावर आहे ते, आणि प्रयोगशाळेतले आकडे आपल्या घरी तसेच येतील असं मी तरी धरून चालत नाही. आणखी एक. 1.21 मध्ये ही सोय बंद स्थितीत यायची, ज्याला हवी त्यानं चालू करावी. जानेवारी 2025 च्या 1.24 मध्ये ती आपोआप चालू, मर्यादा 200. आम्ही 1.20 वरून थेट 1.24.1 वर उडी मारली, म्हणजे कुणी न मागता ती आमच्या घरात आली. टेबलाची रचना बदलली की जुने प्लॅन अडून बसतात, मग बाउन्सरच्या कन्सोलवर जाऊन रिकनेक्ट म्हणायचं, हे टीमला आधी सांगून ठेवलं.

"पण हा बनवला कुणी?"

"स्काइपवाल्यांनी. एस्टोनियात, 2007 च्या सुमाराला."

"स्काइप? माझ्या नातवाचं बारसं मी स्काइपवर बघितलं! ते बंद झालं ना गं?"

"मे 2025 मध्ये."

"घर गेलं, गडी राहिला," काकू म्हणाल्या आणि शेंगा एकदाच्या माझ्या हातात आल्या. "मग एवढं सगळं चांगलं असताना जागरण कशाला?"

"प्रिपेअर्डचा गाजावाजा सगळ्यांनी वाचला होता. टोचली ती 1.23 मधली एक ओळ. जुलै 2024 ची. आधी बाउन्सरला सिगटर्म हा सिग्नल पाठवला की तो जागच्या जागी बंद व्हायचा. आता तो नवीन लोकांना दार लावतो आणि आतले सगळे आपापले उठून जाईपर्यंत थांबतो."

"मग चांगलंच की! आमचे आप्पा पंगत उठायच्या आत दिवे घालवायचे. लोकांची किती बोलणी खाल्ली त्यापायी."

"ज्यांच्याकडे एकाच पोर्टवर दोन-तीन बाउन्सर आहेत त्यांच्यासाठी चांगलंच. एक हळूहळू रिकामा होतो, तोवर दुसरा नव्यांना घेतो. कुणाला पत्ताही लागत नाही. पण आमच्या टेस्ट सर्व्हरवर एकच. आणि जावाचे कनेक्शन पूल उठतात कुठे?"

"विहीणबाईंसारखे."

"हो ना! स्टॉप दिला आणि कर्सर नुसता लुकलुकत बसला. सिस्टिमडीची मुदत 90 सेकंद. तेवढा वेळ जुने ढिम्म हलत नाहीत, नव्यांना प्रवेश नाही. नव्वदाव्या सेकंदाला सिस्टिमडीनं मान धरून बाहेर काढलं. आधी हेच काम डोळ्याचं पातं लवेपर्यंत व्हायचं. पॅकेजबरोबर येणारी फाइल वापरणाऱ्यांना काही झालं नसतं. आमची आपली घरगुती स्क्रिप्ट, तिच्यात सिगटर्म लिहिलेलं."

"मग?"

"सिगक्विट लिहिलं. म्हणजे तुमच्या आप्पांची पद्धत."

काकूंना हे इतकं आवडलं की त्यांनी आत वळून काकांना हाक मारली, "अहो, ऐकलंत का, आप्पांची पद्धत अजून चालते!" काकांनी आतून काहीतरी म्हटलं, ते इथं लिहिण्यासारखं नाही.

"पण ते टेस्टवरच निस्तरलं," मी म्हटलं. "रात्रीचं कारण वेगळं. पोस्टग्रेसमध्ये पासवर्डला मुदत घालता येते, अमुक तारखेपर्यंतच चालेल अशी. थेट पोस्टग्रेसकडे गेलात तर मुदत संपल्यावर तो अडवतो. बाउन्सरमार्फत ऑथ-क्वेरीनं गेलात तर खुशाल आत!"

"अरे देवा! मग बाउन्सर कसला तो?"

"त्याची बाजू अशी, की तो युजरच्या टेबलातून फक्त पासवर्ड मागवायचा. तारीख तिथंच शेजारच्या रकान्यात होती, पण विचारायचं कुणी? एप्रिल 2025 मध्ये 1.24.1 आली ती हेच बुजवायला. त्यांची मूळ क्वेरी आता मुदत संपली असेल तर पासवर्ड देतच नाही. पण ज्यांनी स्वतःची क्वेरी लिहिलीय..."

"तुमच्यासारख्यांनी."

"आमच्यासारख्यांनी. त्यांना ती हातानं बदलावी लागते. नुसतं अपग्रेड करून भागत नाही. ती बदलली, कालची मुदत घालून एक खोटा युजर केला, त्याला दारातून परत पाठवतोय का ते बघितलं. मग लॉग चाळले, आजवर असे कोण कोण शिरत होते ते."

काकू तारेला आणखी टेकल्या. "कोण सापडलं?"

"एक जण. रोज पहाटे सहाला यायचा, पाच मिनिटं थांबून जायचा. केव्हाच सोडून गेलेल्या एका कॉन्ट्रॅक्टरच्या नावावरचा. माणूस गेला, त्यानं लावून दिलेला रिपोर्ट चालूच."

"आणि तुम्ही त्याला काल रात्री अडवलंत."

"नियमाप्रमाणे."

"मग?"

"मग काय, सकाळी आठला फायनान्सच्या साहेबांचा फोन. आजचा रिपोर्ट का आला नाही? तो कोण पाठवतो हे त्यांनाही माहीत नव्हतं."

"बघ म्हणजे! सगळ्या पंगतीत कामाचा तेवढा तोच होता," काकू म्हणाल्या. "त्याला आधी नवा पासवर्ड दे. आणि आता ऐक, त्या कोपऱ्यावरच्या बंगल्यात परवा रात्री कोण आलं होतं..."