सही मात्र ठणठणीत

मनोरुग्णांची बाजू मांडणाऱ्यांना सरकारी अनुदान मिळणार म्हटलं की ग्वाल्हेरात पहिला आनंद टेंटवाल्याला होतो, दुसरा फ्लेक्सवाल्याला. रुग्णाला कळायची घाई नसते. त्याचं काम मार्चअखेरीला निघतं. तेव्हा त्याची सही लागते.

या सहीवर माझा जीव जडलाय. पुढचा हप्ता सुटायचा तर फायलीला ‘लाभार्थी समाधान पत्रक’ हवं, तीन प्रतींत. ‘माझे हक्क मला समजावून सांगण्यात आले. माझी कोणतीही तक्रार नाही.’ खाली रुग्णाची सही. ती खरी असल्याची साक्ष त्याच साहेबांची, ज्यांच्याबद्दल तक्रार असू शकली असती.

आता याच रुग्णाने ऑगस्टात चिठ्ठी दिली होती. मला बरं वाटतंय, मुरारला राहणाऱ्या भावाला कळवा, आणि पांघरूण ओलं आहे. त्यावर शेरा पडला : ‘अर्जदार रुग्ण असल्याने दखल आवश्यक नाही.’ सही तीच, वळण तेच, पेनही तेच, टेबलाला दोरीने बांधलेलं. (माणसाला साखळीने बांधायला 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यात मनाई आहे, पेनाबद्दल कायदा गप्प आहे.) म्हणजे ऑगस्टात या माणसाला पांघरूण ओलं की कोरडं तेही कळत नव्हतं, आणि 31 मार्चला दुपारी आपल्या हक्कांविषयी आपण समाधानी आहोत हे त्याला तीन प्रतींत कळतं! अख्खा वॉर्ड त्या दिवशी शुद्धीवर येतो. 1 एप्रिलला सगळे पुन्हा बिघडतात. हा गुण कुठल्या गोळीला आजवर आलेला नाही, तो शाईला आहे. ती शाई बाटलीत भरून विकली तर अनुदानाची गरजच उरणार नाही.

कायदा मात्र बिचारा सरळ आहे. 29 मे 2018 पासून लागू आहे. त्याचं चौथं कलम म्हणतं, मानसिक आजार असला तरी माणसाला स्वतःच्या उपचाराचं कळतं असंच धरून चाला; त्याचा निर्णय तुम्हाला पटला नाही म्हणून त्याची समज गेली असं होत नाही. सत्ताविसावं कलम फुकट वकील देतं. अठ्ठाविसावं तक्रारीचा हक्क देतं आणि ती पहिल्यांदा नेऊन द्यायची कुणाकडे, तर तिथल्याच प्रभारी डॉक्टरांकडे. पुढे पुनर्विलोकन मंडळ आहे, पण पुढे जायला कुणीतरी हात धरून न्यावं लागतं ना! तो हात धरणाऱ्याचा पगार त्याच साहेबांच्या टेबलावरून निघतो. कोण धरील हात? बाजू मांडणारा, चार महिन्यांचं मानधन थकलेला पोरगा?

आणि समजेचं काय घेऊन बसलात, आम्हा पेन्शनरांना दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यावा लागतो. परवा माझा अंगठा यंत्रावर उमटेना. समोर उभा मी, खोकतोय, आणि खिडकीतली मुलगी म्हणते, ‘‘बाबूजी, मशीन नहीं मान रही.’’ जिवंत माणसाच्या तोंडी शब्दाला या देशात किंमत नाही हो! कागद बोलला तर तुम्ही आहात.

म्हणून एका साहेबांना मी सुचवलं, समाधान पत्रकाची मागची बाजू कोरीच असते, तिथे तक्रार लिहू द्या. एकाच सहीत दोन्ही कामं. साहेबांना कल्पना आवडली. म्हणाले, ‘‘पण झेरॉक्स दोन्ही बाजूंनी काढावी लागेल काका, आणि आपल्याकडे तरतूद एकाच बाजूची आहे.’’