मेंदूच्या दाहावर उतारा
पनवेलला १८७२ साली कृष्णशास्त्री पुराणिकांनी श्री धूतपापेश्वर हा औषधांचा कारखाना काढला, तेव्हा मेंदूतील ‘मायक्रोग्लिया’, म्हणजे तेथील पहारेकरी पेशी, दीर्घकाळ चेतल्या की घरच्याच मज्जापेशींवर उलटतात, हे कोणाच्या गावीही नव्हते. ब्राह्मीचा अर्क आणि हळदीतील कर्क्युमीन या चेतलेल्या पेशींमुळे होणारा दाह शमवतात, असे आता प्रयोगशाळा सांगतात. मात्र त्या प्रयोगांचे लाभार्थी बहुतांशी उंदीर असल्याने मूषकमेंदूची निगा मानवी मेंदूपेक्षा अधिक राखली गेली आहे. गिळलेले कर्क्युमीन रक्तात जेमतेम उतरते, औषधाच्या बाटलीवरील हिरवे पान मात्र ग्राहकाच्या डोक्यात बिनदिक्कत शिरते. हळदीत कर्क्युमीन सुमारे ३ टक्केच असते. उरलेली हळद पोह्यांना पुरते.