बिनगॅसच्या काकू

परवा काकूंचा फोन आला. "बापू, आखाजीले लेकरायले घेऊन या. मी काईच करत नाही यंदा, नुसतं पुडिंग करतो. त्याले गॅससुद्धा पेटवा लागत नाही!"

फोन ठेवून मी बायकोला म्हटलं, "चार दिवस नीट झोपून घे."

अशी बाई तुमच्याही नात्यात असणार, त्यामुळे ओळख करून देत बसत नाही. 'काहीच करावं लागत नाही' असा एक पदार्थ तिला कुठून तरी सापडलेला असतो आणि तो होईस्तोवर घरातलं एकही माणूस मोकळं राहत नाही. आमच्या काकूंचं पुडिंग म्हणजे काचेच्या भांड्यात तळाला दुधात बुडवलेली मारी बिस्किटं, त्यावर साय-साखर, त्यावर फळं, पुन्हा बिस्किटं, पुन्हा साय, असं काठापर्यंत; मग रात्रभर फ्रीजमध्ये. ऐकायला सोपं आहे. त्याला दोन मोटारसायकली, तीन घरचे फ्रीज आणि सात माणसं लागतात. गॅस लागत नाही.

पाककृती आली उंद्रीहून. आमची उंद्री चिखली तालुक्यातली, चिखलीहून खामगावला जाताना लागते ती. दुसरी पुण्यात आहे, कोंढव्याच्या पलीकडे. तिथं उंद्रीत राहणं म्हणजे बाराव्या मजल्यावर राहणं. काकूंची लेक लग्न होऊन तिकडे गेली. 'उंद्रीची पोरगी उंद्रीतच दिली' हे ऐकून आमची आजी आठ दिवस निर्धास्त होती. नवव्या दिवशी तिनं विचारलं, "दिली तं मंग दिसत काऊन नाही?" तर त्या उंद्रीतून या उंद्रीत फोनवरून पाककृती उतरली. लेकीनं सांगितलेलं क्रीम चीज वाटेतच गळालं, स्ट्रॉबेरीच्या जागी चिकू आला, आणि 'ओव्हन लागत नाही' याचं 'गॅस लागत नाही' झालं. हा शेवटचा बदल आम्हाला सगळ्यात महागात पडला.

कारण गॅस लागतो. हे पहिल्याच वर्षी माझ्या लक्षात आलं. काकूंनी दूध तापायला ठेवलं.

"काकू, गॅस?"

"ते येगळं. दूध तं रोजच तापवा लागते."

मग चायना ग्रास निघालं. काकूंच्या गळ्यात तुळशीची माळ, त्यामुळे जनावराच्या हाडा-कातड्याचं जिलेटिन बाद. चायना ग्रास समुद्रातल्या शेवाळाचं, माळेला चालतं. पण ते खळखळ उकळल्याशिवाय विरघळत नाही. मी नुसतं शेगडीकडे पाहिलं. "ते येगळं," काकू म्हणाल्या, "ते का पुडिंग आहे? ते तं गवत आहे." नंतर कस्टर्ड. ही पिवळी भुकटी १८३७ साली बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्ड नावाच्या औषधवाल्यानं काढली, ती बायकोला अंडी सोसत नव्हती म्हणून. अंड्याचं काम त्यानं कॉर्नफ्लोअरकडून करून घेतलं. आमच्या उंद्रीतल्या माळकऱ्यांची आपण केवढी सोय केली हे त्या बिचाऱ्याला कधी कळलं नाही. मात्र कॉर्नफ्लोअर शिजल्याशिवाय दाटत नाही. तिसरं पातेलं चढलं तेव्हा काकूंनी माझ्याकडे वळूनसुद्धा न बघता "येगळं" म्हणून टाकलं.

एका वर्षी तर ऐन पुडिंगच्या दिवशी सिलिंडर संपलं. काकूंच्या चेहऱ्यावर काय तेज आलं! "पाह्य, बरं झालं पुडिंग होतं. आपलं काई अडलं नाही."

सायीचं प्रकरण याहून अवघड. आखाजीच्या आधी आठ दिवस घरातल्या कुणाच्याही दुधावर साय दिसत नाही. काका पेल्यात बोट फिरवून बघतात आणि मुकाट पितात. सगळी साय फ्रीजमध्ये डब्यात साठत असते. मी एकदा शहाणपणा करून चिखलीहून क्रीमचे डबे आणले. डब्यावर लिहिलं होतं, स्निग्धांश पंचवीस टक्के. क्रीम फेसून उभं राहायला तीस-पस्तीस टक्के तरी लागतो, आणि ते थंडगार लागतं, हे ज्ञान मला नंतर झालं. पारा ४३ वर, खाली बर्फाची परात, आणि मी रवी घेऊन बसलेलो. क्रीम तसंच पातळ. मग काकूंनी त्यात आपली म्हशीच्या दुधाची साय ओतली आणि "घुसळ अजून" म्हणाल्या. घुसळलं. लोणी आलं.

काकू जराही डगमगल्या नाहीत. "बरं झालं. तूप होईन."

तूप कढवायला गॅस लागला. ते अर्थात वेगळं.

काकांनी आयुष्यात दोन विहिरी खोदल्या, त्यामुळे काचेच्या भांड्याकडे ते त्याच नजरेनं बघतात. बाहेरून बोट लावत "वर काळी, मंग पांढरी, मंग मुरूम" असे थर वाचतात. एका सकाळी साय सुटून तळाशी दोन बोटं पाणी साठलं होतं. काका भांड्यापुढे उकिडवे बसले, बराच वेळ निरखलं आणि म्हणाले, "अर्ध्या परसावरच पाणी लागलं. उगाच बोअर मारला आपण."

लाईट जाणं हा पुडिंगचा एक थरच समजा. डीपी जळाली अशी बातमी रात्री दहाला आली. शेजारचे दोन्ही फ्रीज त्याच डीपीवर. मग स्टँडवरच्या कोल्ड्रिंकच्या दुकानात इनव्हर्टर आहे असं कुणीतरी आठवलं. पुढं टॉर्च घेतलेल्या काकू, मधे ओल्या फडक्यात गुंडाळलेलं भांडं छातीशी धरून मी, मागं लेकरं. वाटेत दोन म्हाताऱ्यांनी हात जोडले. पुडिंग रात्रभर थंड बाटल्यांच्या शेजारी राहिलं. सकाळी आणायला गेलो तर एक पाहुणा एसटीची वाट बघत काचेतून त्याचा भाव विचारत होता. दुकानदार म्हणाला, "विकाऊ नाही भाऊ, काकूचं आहे. गॅस लागत नाही म्हने त्याले."

आणि मग अननस. खामगावच्या बाजारातून काकांनी एकदा हौसेनं आणला. लेकीनं फोनवर चारचारदा बजावलं होतं, आई, अननस डब्यातला घे, नाहीतर साखरेत शिजवून घे. कच्च्या अननसात ब्रोमेलेन असतं. ते दुधातल्या प्रथिनांचे तुकडे पाडतं आणि दूध कडू होतं. शिजवलं की त्याचा जोर संपतो. म्हणजे इतक्या वर्षांत ज्या एका गोष्टीला खरोखरच गॅस लागत होता, नेमकी तिथंच काकूंना आपल्या तत्त्वाची आठवण झाली. "अननस का कोनी शिजवते? मंग गॅस लागत नाही कसं म्हनू मी?"

दुसऱ्या दिवशी बावीस माणसांनी पहिला चमचा तोंडात घातला. लेकरं बोलणार तेवढ्यात त्यांच्या आयांनी डोळे वटारले. अखेर पुण्याच्या उंद्रीचे जावई घास गिळून म्हणाले, "वेगळंच झालंय."

या बाईवर माझा राग आहे तो आणखी एका गोष्टीसाठी. स्वयंपाकघर एवढं ऐसपैस असताना त्या पुडिंग करतात ते बैठकीत, पंख्याखाली, वाटेच्या मधोमध. सतरंजी टाकून चहूबाजूंनी परात, पातेली, बिस्किटांचे पुडे मांडतात. ज्याला उठायचं त्यानं काकूंना ओलांडून जायचं. दरवर्षी मी म्हणतो, "काकू, आत घ्या ना हे सगळं." दरवर्षी त्या म्हणतात, "कायले? याले गॅस थोडीच लागते."

काकू १९८३ साली या घरात आल्या. तेव्हा चूल मागच्या पडवीत होती आणि आखाजीला जेवणारं माणूस वीसच्या खाली नसायचं. घागर पुजायची, पितरांचं पान वाढायचं, मग पुरुषांची पंगत, मग लेकरांची, आणि तोवर तव्यावरून पुरणाच्या पोळ्या उतरतच राहायच्या. जळण कपाशीच्या पऱ्हाट्यांचं. पऱ्हाटी भडकन पेटते आणि तेवढ्याच लवकर बसते. लाकडासारखी एकदा लावून उठता येत नाही, सारखी मूठ-मूठ आत सरकवावी लागते. काकूंची पाठ दाराकडे असायची. मी लहान होतो, मला त्यांची पाठच आठवते. गॅस आला तो १९९८ साली.

पुडिंगचा दुसरा थर लागला की काकू दरवर्षी मला एक प्रश्न विचारतात. मागच्या आखाजीलाही विचारला, बिस्किट दुधात बुडवता बुडवता.

"बापू, ते एका आखाजीले तुमचे आजोबा काईतरी बोलले अन् सारे पोट धरधरू हासले होते. तू तं लोळत होता भुईवर. काय बोलले होते रे ते?"

"तुम्ही नव्हत्या का तिथं?"

"तव्यावर पोळी होती ना. उलथली, उतरवली अन् आली, तं सारे चूप. ह्यायले विचारलं तं म्हने, काई नाही, असंच."

काका पंख्याकडे बघत होते. मला काहीही आठवत नव्हतं. मी नऊ-दहा वर्षांचा असेन. पण बैठकीत सगळे माझ्याकडे बघायला लागले, म्हणून आजोबा, त्यांचा अडेल बैल आणि चिखलीच्या बाजारातला एक व्यापारी अशी एक गोष्ट मी तिथल्या तिथं जुळवली. बरी जमली. लेकरं हसली, बायको हसली, काकाही हसले. काकू तर पदरानं डोळे पुसू लागल्या.

मग त्यांनी पुढचं बिस्किट घेतलं, दुधात बुडवलं, अलगद थरावर ठेवलं.

"मांगच्या वर्षी येगळं सांगतलं होतं."