शोकनायक होऊ इच्छिणाऱ्यांसाठी

अर्जदाराने आपले दुर्गुण घरी ठेवून यावे. त्यांना इथे मागणी नाही. दुष्ट माणूस बुडाला तर कोणी हळहळत नाही, हे ॲरिस्टॉटलने सांगून ठेवले आहे. त्याला हवा बऱ्यापैकी सज्जन, नामांकित घराण्यातला आणि एखादी मोठी चूक करून बसणारा इसम. (मॅकबेथला प्रवेश कसा मिळाला, याची चौकशी चालू आहे.) तेव्हा ज्या गुणाबद्दल आजवर तुमचे सत्कार झाले, तोच निवडा आणि मोकाट सोडा.

कित्ता गिरवावा तो थीब्जच्या ईडिपसचा. स्फिंक्सचे कोडे सोडवले म्हणून त्याला राज्य मिळाले, वर राणीही. मग कोडे दिसले की सोडवायचेच, ही खोडच लागली. बापाला मारशील, आईशी लग्न करशील, असे भाकीत ऐकलेल्या दुसऱ्या कोणी थोराड माणसावर हात उगारला नसता आणि विधवेचे स्थळ दहादा तपासले असते. याने तीन रस्ते मिळतात त्या नाक्यावर, वाट कोणी द्यायची एवढ्यावरून, एका म्हाताऱ्याला काठीने लोळवले. पुढे गावात रोगराई आली, जुन्या राजाचा खुनी शोधायचे ठरले. तेव्हा आधी खुन्याला जाहीर शाप आणि मग तपास. हा क्रम चुकवू नये. आंधळा तिरेसिअस नाव सांगू लागला, की कट केल्याचा आळ त्याच्यावरच घ्यावा. शेवटी योकास्टा ‘आता पुरे’ म्हणून गयावया करते. शहाणा नवरा इथे विषय बदलतो. तुम्ही मेंढपाळाला बोलवा. बोलेना, तर त्याचे हात पिरगाळायला सांगा.

बाकीच्यांचे थोडक्यात. वाटणी करताना वकील नको. लिअरप्रमाणे मुलींची वक्तृत्वस्पर्धा घ्या. शिरवाडकरांच्या अप्पा बेलवलकरांनी १९७० साली स्पर्धेवाचूनच सगळे देऊन टाकले, तेही चालते. ऑथेल्लोच्या वाटेने जाणाऱ्यांनी पुराव्याला एक रुमाल पुरेसा मानावा. वकिली करत असाल तर मानी असा. १९१९ साली रंगभूमीवर आलेल्या ‘एकच प्याला’तल्या सुधाकराला दारूच्या आधी कोर्टातला अपमान चढतो, तळीराम नुसता पेला पुढे करतो.

शेवटाची सोय वेळीच पाहावी. ग्रीक नाटकात रक्तपात आत होतो, म्हणजे डोळे फोडून घेण्याचे तुमचे कष्ट कोणाला दिसणार नाहीत. बाहेर धावत येऊन सगळे साग्रसंगीत सांगणारा सेवक नेमून ठेवा. शेक्सपिअरकडे चारचौघांत मरावे लागते, पण विष भिनल्यावरही बोलायला भरपूर वेळ देतात.